कुत्र्याविरुद्धचं पत्रक

ते पत्रक मी अर्ध्या तासात लिहिलं. पत्रकं लिहिणं हेच माझं काम होतं. गिरणी कामगारांना घरं मिळावीत म्हणून भांडणाऱ्या आमच्या मंडळींचं ऑफिस लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर होतं आणि तिथून छापून जाणारा जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या हातचा असायचा. मला शिकवणारे जुने कार्यकर्ते सांगायचे, चालत्या माणसाच्या हातात कागद पडतो, चार पावलं चालेपर्यंत त्याने तो फेकला नाही तर तू जिंकलीस. म्हणून मथळा मोठा, वाक्य छोटं, मागणी एक. या पत्रकाचा मथळा मला आधी सुचला आणि मजकूर त्याच्यामागून आला: ‘कुत्रा मोकळा, कामगार बांधलेला!’

तो कामगार म्हणजे माझे वडील.

बाबा परळच्या एका गिरणीत लूमवर होते. ब्याऐंशीच्या संपाच्या पहिल्या दिवशी बाहेर पडले ते पुन्हा आत गेले नाहीत. माझा जन्म त्यानंतरचा. लहानपणी मी विचारायचे, बाबा, संप कधी संपला? ते म्हणायचे, “कोणी मागे घेतलाय? चालूच आहे.” मग डबा उचलून वरळीच्या एका ऑफिसात वॉचमनच्या ड्युटीला जायचे. अशी वीसेक वर्षं काढली. आई गेली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग माझं नाव. मग एक दिवस पहाटे उठून, अंगात सदरा चढवून, रिकामा डबा घेऊन ते गिरणीवर गेले. गिरणीच्या जागी काचेची बिल्डिंग उभी होती. तिथल्या गार्डने दंडाला धरून बाहेर काढलं, तर हे गेटसमोर फुटपाथवर मांडी घालून बसले. तिसऱ्या वेळी पोलीस घेऊन आले.

मी दिवसभर बाहेर. काळाचौकीची आमची एक खोली, बाहेर सामायिक गॅलरी, गॅलरीला लागून जिना. कुलूप लावून जायचं का? एकदा लावलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, दिवसभर आतून दार वाजवत होते. त्यानंतर मी त्यांना परळच्या एका सेंटरमध्ये ठेवलं. एका ट्रस्टचं होतं, विसरण्याचा आजार असलेल्या म्हाताऱ्यांसाठी. दुसऱ्यांच्या बापांना घर मिळावं म्हणून मोर्चे काढायचे आणि स्वतःच्या बापाला घरात ठेवता येत नाही, असं मला तोंडावर कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर उत्तर तयार होतं. ते बरोबरही होतं. तरी मी संध्याकाळी तिथे जायचे तेव्हा लिफ्ट सोडून जिन्याने जायचे, जरा वेळ लागावा म्हणून.

सेंटर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दोन हॉल, वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या, दिवसा एक सिस्टर आणि दोन मावशा. बस.

त्या मंगळवारी मोर्चा रद्द झाला म्हणून मी दुपारी जेवणाच्या वेळी गेले. कधी त्या वेळी जात नसे. बाबा खुर्चीत बसलेले. दोन्ही मनगटं खुर्चीच्या हातांना पांढऱ्या पट्टीने बांधलेली. एक मावशी वरणभाताचा चमचा तोंडाशी नेत होती आणि बाबांनी ओठ घट्ट मिटलेले.

“हे काय आहे?”

मावशी वरळी कोळीवाड्याची. आवाज बाजारातला. “हे काय म्हनजे? तुजा बाप मारतो! बग, हितं बग,” म्हणून तिने खांदा पुढे केला. “परवा माजा चष्मा उडवला. रोज एक फटका. कोनाच्या घरचं खाते म्हनून खायचा मी याचा मार?”

“म्हणून बांधायचं? गुरं आहेत का?”

“मग तू ये की रोज दुपारी. तू भरव. तुजा बाप हात चालवतो, तू तोंड चालवतेस. म्हनजे घरचंच वळन हाये.”

सिस्टर मध्ये पडली. सरळ बाई होती, खोटं बोलत नसे. आंघोळीनंतर बांधतो ते संध्याकाळी सोडतो म्हणाली. बोलणं तर त्यांचं बंदच झालंय, फक्त हात उडतात. दोघी जणी वीस जणांना पुऱ्या पडत नाहीत. खाणंही कमी झालंय. असंच चाललं तर हॉस्पिटलात न्यावं लागेल, तिथे नाकातून नळी घालतील. “आणि नळी घातल्यावर हात सुटे कोणीच ठेवत नाही,” ती म्हणाली. “ते तुम्हीही बघून ठेवा.”

मी वळले आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला मला कुत्रा दिसला. देशी, तपकिरी, एक कान अर्धा तुटलेला, अंगावर हिरवं जाकीट. एक आजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि तो डोळे मिटून उभा होता. म्हाताऱ्यांचं मन रमावं म्हणून त्याला घेऊन येणाऱ्या बाई शेजारी स्टुलावर. कॉटनची कडक इस्त्रीची साडी, कापलेले पांढरे केस. दुसरी मावशी कुत्र्यासाठी स्टीलच्या वाडग्यात पाणी घेऊन चालली होती. वीस माणसांमागे दोन मावशा, त्यातली एक कुत्र्याला पाणी देतेय आणि माझा बाप बांधलेला.

मी बाबांच्या पट्ट्या सोडल्या, भात भरवायला गेले. त्यांनी माझ्याकडेही तोंड उघडलं नाही. उजवा हात उचलला आणि माझ्या खांद्यावर सणकन मारला. मावशी फक्त बघत राहिली.

मी ऑफिसला परत आले आणि अर्ध्या तासात ते पत्रक लिहिलं. बड्या घरच्या बायका कुत्री फिरवायला गिरणगावात येतात. आमच्या म्हाताऱ्यांना कुत्रा नको, माणूस द्या. ज्या हातांनी या शहराला कापड दिलं ते हात आज पट्टीने बांधले जातात. असं सगळं. दुसऱ्या दिवशी ते सेंटरच्या गेटवर, समोरच्या टपरीवर, लालबाग मार्केटपर्यंत भिंतीभिंतीवर होतं. कोणीतरी एका पेपराला दिलं आणि आतल्या पानावर चौकोन आला. ट्रस्टच्या सेक्रेटरींचा मला फोन आला: लगेच कारवाई करतो, मॅडम.

पुढच्या सोमवारी दुपारी गेले तर गेटवर पाटी. ‘प्राण्यांना प्रवेश नाही.’ वर गेले. बाबांचे हात बांधलेले.

“सिस्टर, हे काय? कारवाई झाली ना?”

“झाली की. तुमच्या कागदात दोन गोष्टी होत्या. कुत्रा बंद करायला एक पाटी लागते. हात सोडायला तिसरी मावशी लागते.” ती गोळ्या मोजता मोजता बोलत होती. “पाटी आली.”

मला वाटलं, ठीक आहे, अर्धी लढाई जिंकली. आमच्याकडे असंच म्हणायची पद्धत आहे.

दोन दिवसांनी त्या बाई आमच्या ऑफिसात आल्या. इस्त्रीची साडी, हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं. कुत्रा बरोबर नव्हता. मी कंबर कसली. बसा म्हटलं नाही, तरी बसल्या. गिरगावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या घरातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, हे नंतर कळलं. पण बोलणं ऐकताच शाळा आठवत होती.

“हे आपण लिहिलंत?”

“हो. आणि मागे घेणार नाही.”

“तसं सांगायला मी आले नाही. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, ती तुम्हाला ठाऊक नसावी. आमचा कुत्रा मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. म्हाताऱ्यांचं जेवण झाल्यावर मी त्याला तुमच्या वडिलांकडे नेत असे. माझी एकच अट होती. बांधलेल्या माणसाजवळ मी कुत्रा नेत नाही. तेव्हा त्या वेळात पट्ट्या सोडाव्या लागत. एक तास, कधी सव्वा.”

मी मनात हिशेब केला. आठवड्यातून दोन तास. ते मी बंद पाडले होते.

“मारतात ते,” मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. मावशीचं वाक्य माझ्या तोंडात आलं.

“आमच्या कुत्र्याला कधीच मारलं नाही. उलट त्याच्याशी बोलतात.”

“त्यांचं बोलणं बंद झालंय.”

“तोंडाने नाही. वॉर्डात ओरडून चालत नाही, म्हणून कुत्र्याला मी सगळं हातांच्या खुणांनी शिकवलं आहे. बस, ये, थांब. त्यामुळे तो हातांकडे बघतो. तिथे दुसरं कोणीच त्यांच्या हातांकडे बघत नाही. तुमचे वडील काही ठरावीक खुणा पुन्हा पुन्हा करतात. पहिल्यांदा मला वाटलं आजारामुळे हात हलतात. पण क्रम तोच असतो. आधी असं,” त्यांनी दोन्ही तर्जन्या टोकाला टोक लावून झटकन बाजूला केल्या. “मग असं.” मूठ दुसऱ्या तळहातावर आडवी आपटली. “मग अंगठा ओठांशी.”

आमच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या बाकड्यावर एक काका रोज फुकटचा पेपर वाचायला यायचे. बाबांच्याच खात्यातले, चार लूम पलीकडचे, कान जवळजवळ गेलेले. मुद्दाम मोठ्याने बोलल्याशिवाय त्यांना काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलेलं नव्हतं. पण पेपरवरून त्यांनी बाईंचे हात बघितले आणि खाडकन पेपर खाली ठेवला.

“अगो बाय, ही बाई खंयच्या गिरणीत होती?”

बाई गोंधळल्या. “मी? मी शाळेत होते.”

“मग ह्यां कसां येता? धागो तुटलो, धोटो अडाकलो, पाणी होया!” काकांनी त्याच खुणा करून दाखवल्या, पण कितीतरी चपळ. मग एक हात खालून वर झटकला आणि मिशीला पीळ दिल्यासारखं केलं. “आणि ह्यां म्हणजे जॉबर येता, मुकादम, तोंड बंद कर.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सुटले.

मी लूमखात्यातल्या आवाजाबद्दल किती पत्रकांत लिहिलं होतं. आडवा धागा नेणारे शेकडो धोटे एकाच वेळी आपटतात, कानठळ्या बसतात, कामगार बहिरे होऊन घरी येतात, भरपाई द्या. माणसं त्या आवाजात आठ-आठ तास एकमेकांशी बोलत कशी असतील, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. मागणीत बसत नव्हतं ते.

“काका,” मी त्यांच्या कानाशी ओरडले, “आणि खांद्यावर मारायचं म्हणजे?”

काकांनी माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तसं बघितलं. “मारूचां कित्याक? बोलावूचां. लूमवर वाकलेल्याक हाक ऐकाक येता काय? आधी खांद्यार थाप घालूची, तेणी मान वर केल्यान, मग हात दाखवूचे. थाप नाय घालता समोर हात नाचवलंस तर तो दचाकता, बोट धोट्यात जाता. नवीन बदलीवाल्याक, दुसऱ्याच्या जागी इलेल्याक, पयलां ह्यांच शिकवत. जोरात घालूची हां. हळू घातलंस तर कळणां नाय.”

काका नंतर ऑफिसातून थेट माझ्याबरोबर सेंटरला आले. त्याआधी वर्षभर मी त्यांना बोलावत होते, तेव्हा “बघवणां नाय गो” म्हणून टाळत होते. बाई खालीच थांबल्या. म्हणाल्या, आज माझं काम नाही.

वर जेवणाची वेळ संपत आली होती. मी पट्ट्या सोडल्या. बाबा मान खाली घालून बसलेले. काकांनी मागून जाऊन त्यांच्या खांद्यावर अशी थाप घातली की सिस्टर उठून उभी राहिली. बाबांनी मान वर केली. ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. ओळखलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण हात वर आले. काकांचे हात, बाबांचे हात, काकांचे हात. कोणी दोन माणसं बस-स्टॉपवर उभी राहून बोलतात तसं. दहा मिनिटं तरी.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“मशीन बंद पडलीहा म्हणता. दुरुस्त करूक कोण येणां नाय. आणि डबो दुसऱ्याचो हा म्हणता. ह्यो वरण-भात ह्येचो नाय. दुसऱ्याच्या डब्याक हात कसो लावतलो?”

मावशी ताट घेऊन तिथेच उभी होती. चमचा ताटात टाकून म्हणाली, “म्हनजे मला मारत नव्हता?”

“तुका बोलवी होतो.”

“मेल्या, मग सांगायचं की नाय!” हे ती बाबांना म्हणाली. काकांकडे वळून म्हणाली, “डबा त्याचाच हाये कसं सांगू?”

काकांनी दाखवलं. तळहात छातीवर, मग बाबांच्या छातीकडे, मग डब्याचं झाकण उघडल्यासारखं. मावशीने एकदा बघितलं आणि केलं. कोळणींना बाजाराच्या गोंगाटात लांबून भाव दाखवायची सवय, तिला काही कठीण गेलं नाही. आधी मात्र तिने बाबांच्या खांद्यावर थाप घातली, आणि अशी घातली की एवढ्या दिवसांचं सगळं परत केलं. बाबांनी तिचे हात बघितले. मग ताट स्वतःकडे ओढलं आणि हाताने खायला लागले. सगळं नाही. अर्धं. चमच्याला हातही लावला नाही.

“चमच्याने जेवतंय कोण गिरणीत,” मावशी म्हणाली.

आता कुत्रा परत आणायचा होता. सेक्रेटरींनी सांगितलं, पाटी काढतो, पण पत्रक लेखी मागे घ्या. उद्या परत पेपरात आलं तर? खुर्चीत रेलून सांगत होते. माझ्या डोक्यात बाबांचं वाक्य: कोणी मागे घेतलाय? चालूच आहे. आमच्या घरात मागे घेणं या गोष्टीला चांगला शब्द नाही. मी तीन दिवस काही लिहिलं नाही. त्या तीन दिवसांत एक शुक्रवार गेला. सिस्टर म्हणाली, त्या वेळेला बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. कुत्र्यासाठीच असेल असं नाही, तीही सांगायला विसरली नाही. पण मी बोटावर मोजलं: तो तास माझ्यामुळे गेला.

मग लिहिलं. आधीच्याच आकाराच्या कागदावर, तेवढाच मोठा मथळा: ‘कुत्र्याबद्दल चूक, बांधण्याबद्दल नाही.’ खाली चार ओळी. कुत्रा यायचा तेव्हा हात सुटायचे, हे आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही विचारलंही नाही. कुत्रा परत आणा. हात सोडा. तिसरी मावशी नेमा. ते मी स्वतः चिकटवलं, ज्या ज्या भिंतीवर पहिलं होतं तिथेच, त्याच्यावर. ऑफिसातल्या एका जुन्या कार्यकर्त्याने वाचून कपाळाला हात लावला. “पत्रकात ‘चूक’ छापलेलं जन्मात पहिल्यांदा बघतोय. आणि मागण्या तीन?” सेक्रेटरींना हे लेखी माघार वाटलं, त्यांनी पाटी काढली. मला माघार वाटलं नाही. दोघांचं भागलं.

तिसरी मावशी अजून आलेली नाही. कोळीवाड्याच्या मावशीची ड्युटी असते तेव्हा पट्टी कपाटात असते. तिने दुसऱ्या मावशीलाही पाच-सहा खुणा शिकवल्यात, शिव्यांसकट. इतर वेळी काय होतं ते मला माहीत नाही. म्हणून मी गेले की आधी बाबांची मनगटं बघते, मग तोंड. सिस्टरला ते आवडत नाही. मी तिला सांगितलं, आवडून घ्या.

आता मंगळवारी मीही जाते. कुत्रा येतो, बाबांच्या पायाशी बसतो आणि त्यांच्या हातांकडे बघत राहतो. कळत त्याला काहीच नसणार. धागा तुटला काय आणि जॉबर आला काय. पण बघतो. मध्येच कधी बाबांचा हात ‘थांब’सारखा उठला की खरंच थांबतो, आणि बाबांचा चेहरा, कामावर उशिरा आलेल्या माणसाने शेवटी आपलं ऐकल्यावर व्हावा, तसा होतो.

मागच्या मंगळवारी मी बाईंशी बोलत होते, बाबांकडे पाठ करून. खांद्यावर फटका बसला. चांगलाच लागला. मी वळले. बाबांनी हात वर केले आणि एक खूण केली: दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले, मग बोट दाराकडे, मग पुन्हा झटकले. काकांनी मला शिकवलेल्या खुणांत ती नव्हती. मला चारच येतात. काका त्या दिवशी आले नव्हते. बाबा वाट बघत होते, कुत्राही माझ्याकडे बघत होता. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून मला येत होत्या त्यांतली एक केली. अंगठा ओठांशी. पाणी.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, नव्या बदलीवाल्याकडे बघावं तसं. मग सावकाश, मला कळेल अशी, तीच खूण परत केली.